दांडियाच्या दारात आधार कार्ड, आणि शाळेच्या दारात?

२०२५ च्या नवरात्रात विश्व हिंदू परिषदेने फतवा काढला. गरबा-दांडियात फक्त हिंदूंनाच प्रवेश द्या, दारात आधार कार्ड तपासा, टिळा लावा, मगच आत सोडा. कशासाठी? तर म्हणे लेकीबाळींच्या सुरक्षेसाठी. टीव्हीवर आठ दिवस यावरच चर्चा झाली. आमच्या वस्तीतल्या दोन-चार पोरांनीही तो व्हिडिओ फॉरवर्ड केला. जय भीमचा स्टेटस ठेवणारी पोरं ही. म्हणून हा लेख.

आमचा प्रश्न साधा आहे. मुलाला धोका कुणाकडून असतो? राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे वर्षानुवर्षांचे आकडे एकच गोष्ट सांगतात : बालकांवरच्या बलात्काराच्या नोंदवलेल्या गुन्ह्यांत नव्वद टक्क्यांहून जास्त आरोपी मुलाच्या ओळखीचे असतात. शेजारी, नातेवाईक, घरमालक, शिकवणीवाला, शाळेतला माणूस. म्हणजे ज्याचं आधार कार्ड तपासायची कुणाला गरजच वाटत नाही, तो. त्याला दारात अडवणार कसं? तो तर आधीच घरात चहा पीत बसलेला असतो. धर्म तपासून मूल सुरक्षित होत नाही, फक्त तपासणाऱ्याची दहशत वाढते. आणि आज मुसलमानाला अडवणारा हात उद्या तुमचं आडनाव वाचणार नाही, या भ्रमात निदान आपण तरी राहू नये.

शिवाय यांच्या सुरक्षेत ‘मुलगी’च असते, तीही वयात आलेली. तिची ‘इज्जत’ वाचवायची असते. सहा वर्षांचा पोरगा यांच्या हिशेबात कुठे आहे?

अशा एका पोराची गोष्ट सांगतो. गाव, शाळा, नाव काही सांगणार नाही, ते सांगणं गुन्हाही आहे आणि पापही. पोरगा चौथीत. शाळेच्या रिक्षात शेवटपर्यंत एकटाच उरायचा. काही दिवसांनी रिक्षात बसायलाच तयार होईना, रात्री अंथरूण ओलं करायला लागला. आईला वाटलं, अभ्यास नको म्हणून नाटकं करतोय. मारलंही तिने. खरं कळलं तेव्हा ती शाळेत गेली. शाळा म्हणाली, रिक्षा तुम्ही ठरवली, आमचा काय संबंध? ती पोलिसांकडे गेली, तिथे एक जण म्हणाला, “मुलगा आहे ना? मग एवढं काय बिघडलं?” संध्याकाळी ती आमच्याकडे आली आणि म्हणाली, “दादा, पोरगी असती तर अब्रू गेली म्हटले असते. पोरगं हाय म्हणून काईच गेलं नाही म्हणतात. मग ह्यो रातभर रडतोय कशाला?”

२०१२ चा पोक्सो कायदा मुलगा-मुलगी असा भेद करत नाही. अठरा वर्षांखालचं प्रत्येक जण त्यात ‘बालक’ आहे. कलम १९ सांगतं की असा गुन्हा घडल्याचं ज्याला कळलं, त्याने पोलिसांना कळवलंच पाहिजे. ‘आधी आम्ही अंतर्गत चौकशी करतो’ ही सवलत त्यात कुठेच नाही. कळवलं नाही तर कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत शिक्षा, आणि संस्थेचा प्रमुखच आपल्या हाताखालच्या माणसाचा गुन्हा दाबत असेल तर एक वर्षापर्यंत. जबाब मुलाच्या घरी किंवा त्याला बरं वाटेल तिथे घ्यायचा, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, आणि वर्दी न घालता. मुलाला रात्री पोलीस ठाण्यात थांबवायचं नाही. हे आम्ही त्या आईसोबत जाऊन कायद्याचं पुस्तक टेबलावर ठेवून वाचून दाखवलं, तेव्हा तक्रार घेतली गेली. पुस्तक नसतं तर? आणि आम्हीही नसतो तर? आरोपी अनुसूचित जाती-जमातीबाहेरचा असेल तर अॅट्रॉसिटीचं कलमही तपासायचं असतं, आणि आपण बौद्ध आहोत म्हणून ते लागत नाही असं कुणी सांगितलं तर ते खोटं असतं, हेही तेव्हाच पाठ करून ठेवलं.

बदलापूर आठवा. ऑगस्ट २०२४. चार वर्षांच्या दोन मुली, शाळेच्याच स्वच्छतागृहात, शाळेच्याच सफाई कामगाराकडून. पालक तक्रार द्यायला गेले तर त्यांना तासन् तास बसवून ठेवलं. २० ऑगस्टला लोक रेल्वे रुळांवर उतरले तेव्हा कुठे सरकारला जाग आली. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली, शाळेने पोलिसांना का कळवलं नाही असं विचारलं, आणि मुलींना काय शिकवता त्याआधी मुलग्यांना शिकवा असंही सुनावलं. पुढे काय झालं? २३ सप्टेंबरला आरोपी पोलिसांच्या गाडीतच गोळी लागून मेला. मुंबईत ‘बदला पुरा’चे फलक लागले. आपल्याही कितीतरी पोरांनी टाळ्या वाजवल्या. जानेवारी २०२५ मध्ये न्यायदंडाधिकाऱ्यांच्या चौकशी अहवालाने त्या मृत्यूला पाच पोलिसांना जबाबदार धरलं, तेव्हा मात्र कुणाचा स्टेटस बदलला नाही.

मित्रांनो, आम्हाला त्या आरोपीचा कळवळा नाही. पण गोळीने काय मिटलं ते बघा. त्याच्यावरचा खटला मिटला. कोर्टात ज्याची उलटतपासणी झाली असती, जो कदाचित बोलला असता की शाळेत कुणाला काय माहीत होतं, तो संपला. एक सफाई कामगार मेला आणि संस्थाचालकांवरचा प्रकाश मालवला. गरिबाला गोळी आणि श्रीमंताला जामीन, याला न्याय म्हणायचं असेल तर संविधान कशाला लिहिलं बाबासाहेबांनी?

कोल्हापूरकरांना याबाबतीत बाहेरचं उदाहरण लागू नये. रेणुका शिंदे आणि सीमा गावित या बहिणी, त्यांची आई अंजनाबाई. १९९० ते १९९६ या काळात यांनी गर्दीतून लहान मुलं उचलली, चोरी करताना ढाल म्हणून वापरली आणि काहींना ठार मारलं. पहिलं मूल कुणाचं होतं? याच कोल्हापुरातल्या एका भीक मागणाऱ्या बाईचं. अंबाबाईच्या मंदिरात चोरी करताना सीमा पकडली गेली, तर लोकांचं लक्ष वळवायला अंजनाबाईने त्याच मुलाला जमिनीवर आपटलं. गर्दी हळहळली आणि चोर सुटले. पुढे त्या मुलाला मारून टाकलं. १९९६ मध्ये त्या पकडल्या गेल्या, तेही दुसऱ्याच एका प्रकरणातून. २००१ मध्ये कोल्हापूरच्या न्यायालयाने दोघी बहिणींना फाशी सुनावली, २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली आणि २०२२ मध्ये सरकारच्याच दिरंगाईमुळे उच्च न्यायालयाने ती जन्मठेपेत बदलली.

आजही घरोघरी या बायकांची गोष्ट पोरांना भीती घालायला सांगतात. ‘एकटा जाऊ नको, धरून नेतील.’ आम्हाला मात्र त्यातली दुसरीच गोष्ट झोपू देत नाही. भरगर्दीच्या मंदिरात एक रक्तबंबाळ पोर शेकडो लोकांनी पाहिलं, आणि हे पोर कुणाचं, याची आई कुठे, हा प्रश्न शेवटाला नेणारं कुणी निघालं नाही. सहा वर्षं मुलं गायब होत राहिली आणि धागा जुळला नाही. बंगल्यातलं एक पोर हरवलं असतं तर?

आता याच शहरात त्याच्या सत्तर-ऐंशी वर्षं आधी काय होतं तेही पाहा. १९१७ मध्ये शाहू महाराजांनी प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. मूल शाळेत पाठवलं नाही तर पालकाला महिना एक रुपया दंड. म्हणजे राज्याला माहीत असावं लागायचं की कुठल्या घरात शाळेच्या वयाचं मूल आहे आणि आज ते कुठे आहे. १९१९ मध्ये अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून आपल्या आज्या-पणज्यांच्या पोरांना सगळ्यांसोबत बसवलं. ते राज्य महार-मांगाचं पोर मोजत होतं. आजचं राज्य सीसीटीव्ही मोजतं.

बदलापूरनंतर २१ ऑगस्ट २०२४ ला शासन निर्णय निघाला : कॅमेरे बसवा, तक्रारपेटी लावा, कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी करा, ‘सखी सावित्री’ समिती नेमा. ही समिती तर मार्च २०२२ च्या शासन निर्णयातच होती. सावित्रीमाईंचं नाव दिलं की काम झालं! तुमच्या पोराच्या शाळेत जाऊन विचारा, समितीत कोण आहे. बहुतेक ठिकाणी भिंतीवर फलक दिसेल, त्यावरच्या बायकांना आपण समितीत आहोत हेच माहीत नसेल. तक्रारपेटी बघा. मुख्याध्यापकांच्या खोलीसमोर, आणि किल्ली मुख्याध्यापकांकडे. पहिलीतल्या पोराचा हात पोचणार नाही इतकी उंच.

आणि आपण? इथे आमच्यावर चिडणार आहात, चिडा.

गणपतीच्या मिरवणुकीतल्या लेझरने कोल्हापुरात पोरांच्या डोळ्यांना इजा झाल्या, ते वाचून आपण ‘बघा यांचं’ म्हणून हसलो. मग १४ एप्रिलला आपल्या ट्रॉलीवर काय होतं? तेच लेझर, तीच साउंडची भिंत, तिच्यापासून दोन हातांवर खांद्यावर बसवलेलं तान्हं पोर. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालापासून आहेत, शाळा-दवाखान्याभोवती शंभर मीटर शांतता क्षेत्र आहे, हे भाषणात आपणच सांगतो. मिरवणुकीत पिणारा जय भीम म्हणतो म्हणून त्याच्या हाती आपली पुतणी द्यायची का? पाचवं शील काय फक्त वंदनेपुरतं? बिंदू चौकात बाबासाहेबांचा पुतळा १९५० मध्ये, ते हयात असताना बसला, याचा आपल्याला केवढा अभिमान. त्या पुतळ्याखाली रात्री बारा वाजता चिरमुरे खात झोपलेली पोरं कुणाची आहेत, हे विचारणारा कार्यकर्ता आम्हाला क्वचित दिसला.

आता पुन्हा सण येतायत. गणपती, मग नवरात्रात अंबाबाईच्या दर्शनाला लाखोंची गर्दी, मग दसरा चौकात शाही दसरा. आपण तो सण पाळत नाही, पण आपली पोरं तिथे असतातच. फुगे विकायला, फुलं विकायला, पाळण्यात बसायला. आपल्यासाठी तोच दिवस अशोक विजयादशमी. १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी नागपुरात याच दिवशी दीक्षा दिली. आपण ट्रक, ट्रॅव्हल्स भरून दीक्षाभूमीला जातो आणि तिथल्या महासागरात पोर हरवल्याच्या घोषणा ध्वनिक्षेपकावर सतत चालू असतात. गेल्या खेपेला आमच्याच गाडीतली सात वर्षांची पोरगी दीड तास सापडत नव्हती. सापडली तेव्हा एका अनोळखी बाईच्या मांडीवर बसली होती. बाईने विचारलं तर पोरीने नाव सांगितलं, आईचं नाव सांगितलं, ‘जय भीम’ही म्हणाली. फोन नंबर येत नव्हता. बावीस प्रतिज्ञा मात्र अर्ध्याहून जास्त पाठ.

परत आल्यावर रविवारच्या वंदनेनंतर आम्ही विहारात एक काम सुरू केलं. प्रत्येक पोराने आईचा किंवा बापाचा नंबर पाठ म्हणायचा. चुकला की पुन्हा. मग १०९८. मग एवढंच : कुणीही, अगदी मामा, सर, भंतेजी किंवा आम्ही स्वतः, ‘हे कुणाला सांगू नको’ म्हणालो की ते सांगायचंच. एका आजीने विचारलं, “भंतेजींचं नाव कशाला घेता?” आम्ही म्हणालो, घ्यायलाच पाहिजे आजी. भंतेजी स्वतः म्हणाले, बरोबर आहे.

मोठ्यांसाठी दुसरं काम. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ प्रमाणे सरकारी आणि अनुदानित शाळेच्या व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक हवेत, निम्म्या बायका हव्यात, आणि वंचित घटकातल्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा हवी. नगरसेवकाच्या तिकिटासाठी आपल्यात चार गट पडतात, या समितीच्या निवडीला मात्र चार माणसं जात नाहीत. या वेळी आमच्या वस्तीतून तीन बायका उभ्या राहिल्या, दोन निवडून आल्या. त्यातली एक, त्या चौथीतल्या पोराची आई. पहिल्याच बैठकीत तिने दोन गोष्टी मागितल्या : तक्रारपेटी खाली आणा, आणि शाळेत येणाऱ्या प्रत्येक रिक्षात शेवटी कोण उतरतं त्याची यादी द्या. रिक्षा आमची नाही, असं उत्तर आलंच. ती म्हणाली, पोरं तर तुमची हायत ना? हजेरीला तुमच्याच वहीत हायत.

पेटी खाली आली आहे. यादी अजून आलेली नाही. सोमवारी आम्ही पुन्हा जाणार आहोत, ज्यांना यायचं असेल त्यांनी साडेदहाला विहारापाशी थांबावं.

जय भीम.