कोयनेचा धडा तिवऱ्यापर्यंत का पोहोचला नाही?

११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे कोयनानगरचा परिसर भूकंपाने हादरला आणि सुमारे १८० माणसे प्राणास मुकली. १०३ मीटर उंचीचे कोयना धरण मात्र उभे राहिले. त्याचा अभिमान आपण पुष्कळ मिरविला. ते कोठे आणि का तडकले, याची चर्चा अभियंत्यांच्या वर्तुळाबाहेर फारशी झाली नाही. वस्तुतः खरा बोध त्या तड्यांतच होता.

आराखडा करताना भूकंपाचा विचार झाला नव्हता असे नाही. गुरुत्वाकर्षणाच्या ५ टक्के इतका आडवा जोर, तळापासून माथ्यापर्यंत सारखाच, गृहीत धरण्यात आला होता. त्या काळची रूढ पद्धत तीच होती. या हिशेबाने सर्वाधिक ताण पायथ्याशी यावयास हवा. प्रत्यक्षात आडवे तडे गेले ते बरेच वर, अधोबाजूचा उतार जेथे एकाएकी बदलतो तेथे. जमीन हलली की एवढे अवजड धरणही झोका घेते आणि माथ्याकडे तो झोका वाढत जातो, हे तेथे दगड-काँक्रीटनेच दाखवून दिले. धरणात बसविलेल्या उपकरणाने धक्क्याची नोंद केली होती. ती गृहीत जोराच्या कित्येक पट निघाली. ही नोंद हाताशी होती म्हणूनच बर्कली विद्यापीठातील अनिल चोप्रा प्रभृतींना आपले गणित प्रत्यक्षाशी ताडून पाहता आले. काँक्रीट धरणांच्या भूकंपविषयक गणनपद्धतींची परीक्षा घेण्यासाठी कोयनेचे उदाहरण आजही जगभर सोडविले जाते. इकडे धरणाला अधोबाजूने काँक्रीटचे टेकू देऊन ते बळकट करण्यात आले.

मोजमाप, चिकित्सा, दुरुस्ती असा हा क्रम. लहान धरणांच्या बाबतीत तो पहिल्याच पायरीवर तुटतो. २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातील तिवरे येथील मातीचे धरण फुटले आणि वीसहून अधिक माणसांचा बळी गेला. गळतीविषयी गावकऱ्यांनी आधीच तक्रारी केल्या होत्या. मंत्रिमहोदयांनी दोष दिला तो खेकड्यांना! (तेवढे संशोधन मात्र तातडीने पूर्ण झाले.) मातीच्या धरणातून थोडे पाणी झिरपणारच. पण झिरपा वाढू लागला किंवा गढूळ येऊ लागला, की आतली माती वाहून जात आहे असे समजावे. हे ओळखण्यास भूकंपमापक लागत नाही. झिरपा मोजण्याची एक व्ही-नॉच, एक नोंदवही आणि ती नेमाने भरणारा माणूस पुरतो. आणि नेमका तो माणूसच नेमला जात नाही.

३० डिसेंबर २०२१ पासून अमलात आलेल्या धरण सुरक्षा कायद्याने मोठ्या धरणांची स्वतंत्र तज्ज्ञांकडून सर्वंकष तपासणी बंधनकारक केली. पहिल्या तपासणीस मुदत ५ वर्षांची. परंतु कायद्याची मर्यादा १५ मीटरहून उंच, आणि काही अटींवर १० ते १५ मीटर उंचीच्या धरणांपुरती आहे. त्याखालच्या असंख्य पाझर तलावांना तो लागूच नाही. नाशिकची ‘मेरी’ आणि खडकवासल्याचे केंद्रीय संशोधन केंद्र असताना राज्यात ज्ञानाचा तुटवडा आहे, असे कोणी म्हणू नये. शासनाने प्रत्येक लहान धरणाच्या झिरप्याची नोंद पावसाळ्यात दर आठवड्यास, धरणाखालच्या गावच्या ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावण्याची सक्ती करावी. येत्या पावसाळ्यापासून हे करण्यास नवा कायदा लागणार नाही.