लांबचा रस्ता, कमी वेळ

दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को, विमानतळ ते विमानतळ, अंतर सुमारे १२,४०० किलोमीटर. पृथ्वीच्या गोलावर या दोन शहरांमध्ये दोरा ताणून धरला, तर तो हिमालय, तिबेट, सैबेरिया ओलांडत उत्तरेच्या गोठलेल्या समुद्रावर जातो आणि अलास्कावरून कॅलिफोर्नियाकडे उतरतो. या दोऱ्यावरून प्रवासी विमान सहसा जात नाही. तिबेटवर केबिनमधला हवेचा दाब गेला, तर विमान पटकन खाली आणायला खाली जागाच नाही. डोंगर आडवे येतात.

मला या मार्गाचं वेड लागलं ते २०१६च्या ऑक्टोबरमध्ये. तोवर एअर इंडियाचं विमान युरोप आणि अटलांटिकवरून जायचं, सुमारे १३,९०० किलोमीटर. त्या महिन्यात ते पहिल्यांदा उलट्या दिशेनं, पूर्वेला, पॅसिफिकवरून गेलं. अंतर १५,३०० किलोमीटर, म्हणजे १,४०० किलोमीटर जास्त. आणि वेळ? साडेचौदा तास, आधीपेक्षा जवळजवळ दोन तास कमी!

अनेकांनी तेव्हा याचं श्रेय पृथ्वीच्या फिरण्याला देऊन टाकलं. ते तसं सरळ नाही. पृथ्वीबरोबर तिची हवाही फिरते, त्यामुळे जमीन पायाखालून सरकून मुक्काम आपोआप जवळ येत नाही. खरी करामत जेट स्ट्रीमची. साधारण दहा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे सुसाटणारा हा वारा जपानवर हिवाळ्यात ताशी ३०० किलोमीटरच्याही पुढे जातो. वासाबुरो ओइशी या जपानी हवामानशास्त्रज्ञानं १९२०च्या दशकात फुगे सोडून तो मोजला. जगानं वाचावं म्हणून निष्कर्ष एस्पेरांतो भाषेत छापले, आणि जगानं ते वाचलेच नाहीत. मला या माणसाबद्दल फार हळहळ वाटते. आज पुण्याहून मुलाकडे सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या बे एरियात निघालेल्या आईवडिलांचे दोन तास वाचतात, ते त्यानं मोजलेल्या वाऱ्यामुळे.

वाऱ्याइतकंच आकाश कोणाचं, हेही महत्त्वाचं. २०२२पासून अमेरिकी कंपन्यांना रशियाचं आकाश बंद आहे, भारतीय कंपन्यांना खुलं. पण जून २०२३मध्ये दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को मार्गावरचं एअर इंडियाचं विमान इंजिनातल्या बिघाडामुळे रशियातल्या मगदानला उतरलं. दोनशेहून अधिक प्रवासी, लहानसं शहर, शाळेच्या खोल्यांमध्ये अंथरुणं. मुंबईहून दुसरं विमान येईपर्यंत लोक तिथेच होते. मग एप्रिल २०२५मध्ये पाकिस्ताननं भारतीय विमानांना आकाश बंद केलं आणि दिल्लीहून अमेरिकेच्या पूर्वेकडे जाणाऱ्या काही विमानांना इंधनासाठी व्हिएन्नात, कोपनहेगनला थांबावं लागलं.

अशा प्रवासात साठी-सत्तरीतले लोक एकाच खुर्चीत पंधरा-सोळा तास काढतात. त्यांचे पाय सुजतात, गोळ्यांच्या वेळा चुकतात. त्यात मध्येच उतरलेल्या विमानात बसून राहायचं म्हणजे आणखी दोन-तीन तास. हवाई कंपन्या तिकिटावर सुटण्याची आणि पोहोचण्याची वेळ छापतात. विमान कोणत्या वाटेनं जाणार, इंधनासाठी थांबण्याची शक्यता आहे का, हेही त्यांनी तिकीट विकतानाच मराठीत, हिंदीत, ज्याला जी भाषा कळते तीत सांगायला हवं.