जुन्या शाळेतील वीज

विद्यार्थी मित्रांनो, आपल्या राज्यात नगरपालिकांच्या अनेक शाळा जुन्या इमारतींत भरतात. जाड भिंती, उंच छत, मोठ्या खिडक्या आणि पुढे लांब व्हरांडा! अशी शाळा पाहून काही लोक म्हणतात, "इमारत जुनी आहे, येथे वीज वाया जाणारच." मला हे पटत नाही.

अशा पुष्कळ इमारती बांधल्या, तेव्हा वर्गावर्गात दिवे आणि पंखे नव्हते. म्हणून बांधणाऱ्यांनी उजेडाची व वाऱ्याची सोय इमारतीतच केली. गरम हवा हलकी असते. ती वर जाते आणि छताजवळच्या झरोक्यांतून बाहेर पडते. खिडक्यांतून ताजी हवा आत येते. व्हरांड्यामुळे भिंतीवर ऊन पडत नाही. पण आज कुठे झरोके पुठ्ठ्याने बंद केलेले असतात, तर कुठे खिडकीपुढे कपाट उभे असते. मग भरदिवसा दिवे लावावे लागतात. सांगा, हा दोष इमारतीचा की आपला?

आता थोडा हिशेब करू. जुनी ट्यूबलाइट चोकसह सुमारे ५० वॅट वीज घेते. तिच्या जागी सुमारे २० वॅटची एलईडी ट्यूब पुरते. एका वर्गात चार ट्यूब असतील आणि त्या रोज पाच तास जळत असतील, तर वीस वर्गांच्या शाळेत रोज १२ युनिट वीज वाचेल. शाळेच्या २०० दिवसांत ही बचत २,४०० युनिट होईल!

पंख्यांचेही तसेच आहे. जुना पंखा सुमारे ७५ वॅट वीज घेतो. नव्या प्रकारच्या मोटरचा पंखा सुमारे ३० वॅटवर चालतो. गच्चीला पांढरा चुना दिला, तर ऊन परावर्तित होते आणि वरच्या मजल्यावरचे वर्ग कमी तापतात.

कोणी म्हणेल, "बिल तर नगरपालिका भरते, आपल्याला काय त्याचे?" पण नगरपालिकेचा पैसा म्हणजे लोकांनी दिलेला कर. तोच पैसा वाचनालयाच्या पुस्तकांसाठी वापरता येईल. शिवाय चंद्रपूर, कोराडी येथील केंद्रांत कोळसा जाळून वीज तयार होते. त्याचा धूर तेथील लोकांना सोसावा लागतो.

गच्चीवर सौर पॅनेल जरूर बसवावेत, पण आधी बचत करावी. गळक्या माठात कितीही पाणी ओतले, तरी तो भरत नाही.

मित्रांनो, वायरींना व पंख्यांना तुम्ही हात लावू नका; ते काम वायरमनचे आहे. पण खिडक्या उघडणे आणि वर्ग सोडताना बटणे बंद करणे तुम्हांला सहज जमेल. उद्या आपल्या शाळेतील बंद झरोके आणि जुन्या ट्यूब मोजा. मग मुख्याध्यापकांना मराठीत एक अर्ज लिहा. त्यात तक्रार कमी आणि हिशेब जास्त असू द्या.