आठ दिवसांत काय होतं?

भाचीला गणिताच्या निवासी कार्यशाळेला पाठवायचं म्हटल्यावर ताईकडे एकच सूर लागला: ‘आठ दिवसांत काय डोंबल शिकणार?’ फारसं नाहीच शिकणार! पण तालुक्याच्या कॉलेजात तिसऱ्या वर्षाला गणित घेतलेली ती एकटी. पानभर सिद्धता खरडून दाखवायची कोणाला, गाईडला? गणिताला सोबत लागते. नागपूरच्या सायन्स कॉलेजातून शिकलेले गणितज्ञ शरदचंद्र श्रीखंडे १९४०च्या सुमारास कोलकात्याला महालनोबिसांच्या सांख्यिकी संस्थेत गेले. तिथला मुक्काम थोडका, पण राजचंद्र बोस भेटले आणि ती ओळख जन्माला पुरली. पुढे अमेरिकेत बोसांकडेच पीएचडी, आणि १९५९मध्ये या दोघांनी पार्कर यांच्यासह ऑयलरचा पावणेदोनशे वर्षं टिकलेला तर्क मोडीत काढला. दोन लॅटिन चौरस (प्रत्येक आडव्या-उभ्या ओळीत प्रत्येक चिन्ह एकदाच) एकमेकांवर ठेवायचे, दहा बाय दहाचे. शंभर घरांत शंभर जोड्या, एकही दुबार नाही. ऑयलरच्या मते अशक्य, यांनी मांडून दाखवलं! अशी सोबत कार्यशाळेत मिळते: १९९३मध्ये प्रा. कुमरेसन यांनी सुरू केलेल्या एमटीटीएस या गणित-प्रशिक्षण कार्यक्रमाच्या वर्गात शिक्षक सांगतात कमी, विचारतात जास्त. तेव्हा आडगावच्या पोरापोरींसाठी, मुलींसाठी तर आधी, अशा कार्यशाळा जिल्ह्याजिल्ह्यांत भरवा, गाडीभाडं द्या आणि उद्घाटन तेवढं रद्द करा. शाल-श्रीफळात अख्खी सकाळ जाते, आणि भाषण करणाऱ्याला गणित येत असतंच असं नाही.