दुधाची पिशवी आत गेली का?



सकाळी शाळेला जाताना, जिना उतरता उतरता शेजारच्या दारांकडे कधी लक्ष गेलंय का? कडीला दुधाची पिशवी लटकत असते, शेजारी वर्तमानपत्र खोचलेलं असतं. थोड्या वेळात दार उघडतं आणि दोन्ही आत जातात. पण ज्या घरात आजी किंवा आजोबा एकटेच राहतात, तिथली पिशवी उशिरापर्यंत बाहेरच दिसली तर? तर बेल वाजवायची. दार उघडलं नाही, तर लगेच घरच्या मोठ्या माणसांना सांगायचं.

‘एवढ्याशा पिशवीचं काय!’ असं म्हणू नका. आपल्या अंधेरीत, भरवस्तीतल्या इमारतीत एकट्या राहणाऱ्या एक बाई घरातच वारल्या आणि बराच काळ ते कुणालाच कळलं नाही; २०१७ साली ते उघडकीस आलं. शेजार होता, पण दाराकडे पाहणारं कुणी नव्हतं.

मुलुंड, घाटकोपर, बोरिवलीला तीन-चार मजल्यांच्या जुन्या इमारती आहेत. त्यांतल्या कित्येकांना लिफ्ट नाही. गुडघे कुरकुरू लागले की तिसऱ्या मजल्यावरच्या आजी खाली येणंच कमी करतात. मुलं परगावी, नाहीतर परदेशी. तरी त्यांना आपलं घर सोडवत नाही. आपला चहा आपण करावा, आपल्या तुळशीला आपण पाणी घालावं, यातच त्यांचं सुख असतं. म्हणून मदत करायची, पण त्यांच्या हातातलं काम काढून घ्यायचं नाही. भाजी निवडणं त्यांचं, ती तीन जिने वर आणून देणं तुमचं!

आणखी काही गोष्टी लक्षात ठेवा. म्हातारपणी एकदम उठून उभं राहिलं, की रक्तदाब उतरून चक्कर येऊ शकते. त्या घाईतच माणूस पडतो. म्हणून बेलवर बेल मारू नका. एकदा वाजवा आणि मनात साठपर्यंत आकडे मोजा.

वयाबरोबर कानांना आधी बारीक, उंच पट्टीतले आवाज ऐकू येईनासे होतात. आणि तुमचे आवाज नेमके तसेच! तेव्हा ओरडून उपयोग नाही. तोंड दिसेल असं समोर उभं राहा आणि सावकाश बोला.

औषधाच्या पट्टीवरची बारीक अक्षरं जरूर वाचून दाखवा. मात्र कोणती गोळी घ्यायची, हे डॉक्टरांनी सांगायचं, तुम्ही नाही. आणि कुणी पडलेलं दिसलं, तर हाताला धरून ओढू नका. हाड मोडलेलं असू शकतं. धीर द्या आणि मोठ्या माणसांना हाक मारा.

आता या आठवड्याचा गृहपाठ. आई-बाबांना विचारून अशा एका घरी जा. जाड कागदावर ठळक आकडे लिहा: रुग्णवाहिकेसाठी १०८, ज्येष्ठांच्या मदतीसाठी १४५६७, आणि त्याखाली तुमच्या घरचा फोन नंबर. कागद त्यांच्या फोनजवळ, त्यांना दिसेल असा चिकटवा. मग दुसऱ्या दिवसापासून जाता-येता पिशवीकडे एक नजर टाका.

आणि हो, आजींनी हातावर लाडू ठेवला, तर ‘नको’ म्हणू नका हं!