अभ्यासाचं मशीन

दिवाळीच्या साफसफाईला साताऱ्याला गेलं की माळ्यावर चढायचं काम दरवर्षी माझ्याकडे येतं. एक तर घरात सगळ्यात हलकी मी. आणि दादा बंगळुरूला, त्यामुळे तो फक्त व्हिडिओ कॉलवरून सूचना देतो. यंदा तांब्याच्या बंबामागे एक लांबट खोका हाताला लागला. वर धूळ, आत थर्माकोल आणि थर्माकोलमध्ये... आमचा कॉम्प्युटर!

म्हणजे २००६ मध्ये आम्ही त्याला कॉम्प्युटर म्हणायचो. शेजारीपाजारीही म्हणायचे. करड्या रंगाचा जाडजूड की-बोर्ड, त्याच्या मागच्या बाजूला कॅसेट खुपसायची खाच, बाजूला दोन रिमोट, एक प्लॅस्टिकची बंदूक. वायर टीव्हीला लावायची आणि झाला कॉम्प्युटर! खोक्यावर चष्मा लावलेला एक गोरा मुलगा, मागे पृथ्वीचा गोल आणि मोठ्या अक्षरांत 'एज्युकेशनल'. बंदूक एज्युकेशनल कशी, हा प्रश्न त्या वेळी कुणालाच पडला नाही.

तुमच्यातल्या निम्म्या लोकांकडे हे यंत्र होतं, हे मी पैजेवर सांगते. ब्रँड वेगळा असेल, की-बोर्ड नसेलही, पण 'मारिओ' आणि 'कॉन्ट्रा' होते ना? 'नऊ लाख नव्याण्णव हजार नऊशे नव्याण्णव इन वन'वाली कॅसेट होती ना? (त्यात मोजून पंचवीस-तीस गेम. बाकी तेच गेम, फक्त दुसऱ्या लेव्हलपासून सुरू होणारे. आमचा स्टॅटिस्टिक्सचा पहिला धडा तिथेच झाला.) कॅसेट चालली नाही की काढून फुंकर मारायची, ही विद्या कुणी शिकवली ते आजतागायत कळलेलं नाही, पण ती अख्ख्या महाराष्ट्राला येत होती.

तर हा सगळा प्रकार मुळात जपानी. १९८३ च्या जुलैमध्ये निन्टेंडोने तिकडे एक टीव्ही गेम काढला आणि त्याचं नाव ठेवलं 'फॅमिली कॉम्प्युटर'. म्हणजे खेळण्याला कॉम्प्युटर म्हणायची आयडिया खुद्द ओरिजिनलवाल्यांचीच! पहिल्याच वर्षी त्यांनी त्यावर एक गणिताचा गेम काढला, त्यात माकडं वेलींवर चढून बेरीज-वजाबाकी करतात. पुढच्या वर्षी, १९८४ मध्ये, की-बोर्डसकट 'फॅमिली बेसिक' आणलं. त्यात मुलं स्वतः प्रोग्रॅम लिहू शकत होती, आणि त्या प्रोग्रॅममध्ये मारिओला पळवूही शकत होती.

मग तैवान आणि चीनमधल्या कंपन्यांनी हे यंत्र उतरवून काढलं. आतला प्रोसेसर ६५०२ नावाच्या एका स्वस्त, सगळ्यांना माहीत असलेल्या चिपवर बेतलेला होता. तैवानच्या यूएमसीसारख्या कंपनीने त्याच्या जोडीच्या नकला बनवल्या. पुढे तर सगळं एकाच चिपमध्ये बसलं. तुम्ही कधी उत्सुकतेपोटी स्क्रू काढले असतील (दादाने काढले होते, मार मी खाल्ला), तर आत फार काही दिसलं नसेल. एक छोटा सर्किट बोर्ड आणि त्यावर डांबराचा थेंब पडल्यासारखा एक काळा ठिपका. तो ठिपका म्हणजे अख्खं मशीन. त्याची मेमरी २ केबी. आज आपण ऑफिसच्या ग्रुपवर गुड मॉर्निंगचा जो गुलाब टाकतो, तोही त्यात मावणार नाही.

पण नुसता गेम विकायचा तर गिऱ्हाईक कोण? मुलं. आणि पैसे कुणाकडे? आई-बाबांकडे. ही गाठ सगळ्यात झकास सोडवली ती चीनमधल्या झोंगशान गावच्या सुबोर कंपनीने. तिचा कारभार बघणारा दुआन योंगपिंग नावाचा तरुण मॅनेजर भलताच हुशार निघाला. त्याने यंत्राला की-बोर्ड लावला, सोबत टायपिंग आणि बेसिकची कॅसेट दिली आणि नाव ठेवलं 'शिक्षणाचं मशीन'. जाहिरातीला आणलं कुणाला, तर जॅकी चॅनला! त्यात एक गंमत आहे. 'मुलगा ड्रॅगन व्हावा', म्हणजे मोठा माणूस व्हावा, असं तिकडचे आई-बाप मनात धरतात, आणि त्यासाठीच्या चिनी वाक्प्रचारातली शेवटची दोन अक्षरं म्हणजे जॅकी चॅनचं चिनी नाव. मग काय! घराघरात ड्रॅगन घडवायचं मशीन पोचलं आणि दरवाजा लावून आत 'कॉन्ट्रा' सुरू झालं.

हा दुआन १९९५ मध्ये सुबोर सोडून बाहेर पडला आणि त्याने बीबीके नावाची कंपनी काढली. तिनेही काही काळ अशीच शिक्षणाची मशीनं विकली. ओपो आणि विवो हे दोन्ही फोन याच घरातले. सांगायचा मुद्दा, तुमच्या हातातला फोन ओपो किंवा विवोचा असेल तर तो त्या की-बोर्डचा नातू लागतो. २०१७ ते २०१९ आपल्या क्रिकेट टीमच्या जर्सीवर ओपोचं नाव होतं. ते गेल्यावर तिथे कोण आलं? बायजूज. मुलांच्या अभ्यासाचं स्वप्न आई-बाबांना विकणारी कंपनी! वर्तुळ पूर्ण होणं म्हणतात ते हेच असावं. असो.

आता आमच्या मशीनकडे. ते आणलं बाबांनी. बाबा पाटबंधारे खात्यात कालवा निरीक्षक. दिवसभर लूनावरून कालव्याच्या कडेकडेने फिरणारा माणूस. एका रविवारी काही कामासाठी पुण्याला गेले आणि येताना हा खोका घेऊन आले. आई दारातच म्हणाली, "हे काय आणि?" बाबा म्हणाले, "कॉम्प्युटर. मुलांना अभ्यासाला." आई घरखर्चाची वही लिहायची आणि त्या वहीत 'खेळणी' नावाचा रकानाच नव्हता. 'अभ्यास' हा होता. विषय संपला.

सोबत दोन कॅसेट होत्या. एक पिवळी, अभ्यासाची. एक काळी, गेमची. ती काळी दुकानदाराने फुकट दिली, असं बाबांनी सांगितलं. पुढची व्यवस्था आपोआप लागली. आई किंवा बाबा खोलीत आले की पिवळी, गेले की काळी. दादाचा हात इतका बसला होता की बाबांची लूना कोपऱ्यावर वळेपर्यंत कॅसेट बदलून, चॅनल लागून, टायपिंगची अक्षरं वरून पडायला लागलेली असायची. रिमोट कायम दादाकडे. मला दुसरा नंबर, आणि दुसरा नंबर म्हणजे दादाचे तिन्ही लाइफ संपेपर्यंत बघत बसणं. त्यामुळे दादा क्लासला गेला की माझ्या वाट्याला यायची ती पिवळी कॅसेट, कारण काळी तो दप्तरात घालून घेऊन जायचा. डांबिस!

त्या पिवळ्या कॅसेटमध्ये काय होतं? सुरुवातीला विंडोजची नक्कल करणारा एक पडदा, त्यावर छोटी चित्रं. निम्मी दाबली तरी काही व्हायचं नाही. एक घड्याळ, दर वेळी बाराच वाजलेले. एक कॅल्क्युलेटर. स्पेलिंगचा एक खेळ, ज्यात काही स्पेलिंगंच चुकलेली होती (शाळेत माझा त्यावरून एकदा अर्धा मार्क गेला, मी मशीनचा हवाला दिला, बाईंनी ऐकलं नाही). टायपिंगचा खेळ मात्र खरोखर चांगला होता. वरून अक्षरं पडतात, खाली टेकायच्या आत ते बटण दाबायचं. आणि शेवटच्या चित्राच्या आड 'जी-बेसिक'. हे निन्टेंडोच्या त्या १९८४ च्या फॅमिली बेसिकचंच चोरून फिरवलेलं रूप होतं, हे मला फार उशिरा कळलं. माहितीपुस्तकाचं इंग्रजी दिव्य होतं, पण मागच्या पानांवर प्रोग्रॅम छापलेले होते. ते जसेच्या तसे टाइप करायचे. चाळीस ओळी. एक स्वल्पविराम चुकला की मशीन म्हणणार, एरर. मग पुन्हा वरपासून शोधायचं.

आणि सेव्ह करायची सोय नाही. जपानमधल्या मूळ मशीनला टेपरेकॉर्डर जोडून प्रोग्रॅम कॅसेटवर साठवता यायचा. आमच्या नकलेत ते भोकच नव्हतं. बटण बंद केलं की सगळं गायब. आणि साल २००६, गाव सातारा. लोडशेडिंग! अठ्ठावीस ओळी झाल्या की खाडकन अंधार. मी रडायचे. आई म्हणायची, "अगं अभ्यासच होता ना, परत कर की." तिला काय कळणार? पण एका शनिवारी लाइट आल्या आल्या बसले आणि पूर्ण केला. पडद्यावर मारिओ डावीकडून उजवीकडे चालत गेला. बस, एवढंच. कुणी बघायला नव्हतं. मी रिकाम्या खोलीत टाळ्या वाजवल्या. नंतर मी मास कॉमला गेले, इंजिनिअर वगैरे झाले नाही, तेव्हा या गोष्टीतून करिअरचा काही धागा काढायचा म्हटलं तर निघत नाही. तो मारिओ मात्र लख्ख आठवतो.

मोठी माणसंही या डब्याकडे गंभीरपणे बघत होती, हे मला पत्रकारितेत आल्यावर समजलं. २००८ च्या सुमारास डेरेक लोमस आणि त्याचे सोबती 'प्लेपॉवर' नावाने एक प्रकल्प करत होते. भारतातल्या बाजारात मिळणारे हे दहा-बारा डॉलरचे टीव्ही कॉम्प्युटर बघून त्यांना सुचलं, की गरीब घरात टीव्ही आहे, हे यंत्र परवडतं, पेटंटची मुदतही उलटून गेलेली, मग वाईट आहे ते फक्त आतलं सॉफ्टवेअर. ते आपण चांगलं करून देऊ. त्यांनी या जुन्या मशीनसाठी शिकण्याचे खेळ बनवलेसुद्धा. पण तोवर लोकांच्या खिशात फोन यायला लागले होते. मला विचाराल तर त्यांचं निदान बरोबर होतं. आमच्या पिवळ्या कॅसेटमध्ये ज्या माणसाने स्पेलिंग भरली, त्याला हे कुणी मूल शिकायला वापरेल असं वाटलंच नसणार. 'एज्युकेशनल' हा शब्द खोक्यासाठी होता, आत काय भरलं हे कोण बघतंय?

बाबा बघत होते. कारण त्याच वर्षी त्यांच्यामागे एमएस-सीआयटीचं लचांड लागलं होतं. सरकारी नोकरीत असाल तर ही परीक्षा पास व्हा, नाहीतर वेतनवाढ अडकेल. पंचेचाळिशीच्या बाबांनी तोवर की-बोर्डला हात लावला नव्हता. क्लासमध्ये सगळी कॉलेजची पोरं, आणि बाबांना 'एन' कुठे आहे ते सापडायचं नाही. रात्री दहानंतर आम्ही झोपलो असं समजून ते टीव्हीचा आवाज बंद करायचे आणि पिवळी कॅसेट लावायचे. मी पांघरुणातून बघायचे. काळोखात बाबांचा चेहरा निळा, वरून अक्षरं पडतायत, आणि एक बोट हवेत तरंगतंय. पहिल्या रात्री ते तिसऱ्याच अक्षराला आउट झाले. महिनाभरात दोन्ही हात चालायला लागले. पास झाले. आईने शिरा केला. मशीनने घरात खरंखुरं शिकवलं ते बाबांना, आम्ही त्यांना वर्षानुवर्षं फसवलं, असा माझा समज होता आणि त्याचं मला थोडं वाईटही वाटायचं.

होता म्हणते, कारण यंदा थर्माकोलच्या खाली बिल सापडलं. दुकानदाराच्या हाताने लिहिलेलं, निळ्या कार्बनचं. पहिली ओळ, टीव्ही गेम की-बोर्डवाला, एक नग, आठशे पन्नास. 'कॉम्प्युटर' हा शब्द कुठेच नाही. दुसरी ओळ, जादा गेम कॅसेट, काळी, एक नग, एकशे वीस.

मी तशीच बिल घेऊन खाली उतरले. बाबा अंगणात आकाशकंदिलाची वायर जोडत होते. आता रिटायर झालेत, चष्मा कपाळावर. बिल हातात घेतलं, चष्मा खाली ओढला, वाचलं, घडी घातली आणि शर्टाच्या खिशात ठेवलं.

"बाबा, तुम्हाला माहीत होतं?"

"मी शहाऐंशी साली पुण्याच्या जत्रेत दहा-दहा पैसे टाकून असले गेम खेळलोय," बाबा म्हणाले. "तुझ्या आईला सांगू नकोस."

"काय सांगू नकोस?" आतून आवाज आला.