पडद्यावरची दाढ

दातांच्या दवाखान्यात खुर्ची मागे कलली की माणसाचे बोलणे थांबते. तोंड उघडे, गालात कापूस, ओठाच्या कडेला लाळ ओढणारी नळी, डोळ्यांवर दिवा. नेमके त्याच वेळी डॉक्टर सांगतात, "दाढ आतून किडली आहे, रूट कॅनॉल करावे लागेल, वरून कॅप." रुग्ण मान हलवतो आणि तेवढ्यावर उपचार सुरू होतो. आता तालुक्याच्या गावांतही या खुर्चीशेजारी पडदा आला आहे. सेन्सरने टिपलेला दाढेचा एक्स-रे काही सेकंदांत त्यावर उमटतो. पेनाएवढा कॅमेरा तोंडात फिरवला की जी जागा माणसाला स्वतःला आरशातही दिसत नाही, ती समोर येते. दातांच्या उपचारात रुग्णाला स्वतःच्या डोळ्यांनी पाहून ठरवता येईल, अशी ही पहिलीच सोय आहे. ती त्याच्यासाठीच वापरली जावी, एवढ्यासाठी हे स्फुट.

रोंटगेनने क्ष-किरण शोधले 1895 च्या नोव्हेंबरात. पुढच्या जानेवारीत जर्मनीतल्या ओटो वाल्खॉफ या दंतवैद्याने काळ्या कागदात गुंडाळलेली काच स्वतःच्या तोंडात धरली आणि 25 मिनिटे किरण सोसून दातांचे पहिले चित्र मिळवले. त्यानंतर जवळजवळ शतकभर हे चित्र डॉक्टरांपुरतेच राहिले. बोटाच्या पेराएवढी फिल्म द्रावणात धुवायची आणि दिव्यासमोर धरून डोळे बारीक करून पाहायची. रुग्णाला त्यात राखाडी धब्ब्यांपलीकडे काही दिसत नसे. 1987 मध्ये फ्रान्सच्या फ्रान्सिस मुयाँ यांच्या आरव्हीजी यंत्राने फिल्मच्या जागी सेन्सर आणला. आपल्याकडचे डॉक्टर आजही "एक आरव्हीजी काढू" असेच म्हणतात. किरणांची मात्राही कमी झाली. अशा एका छोट्या चित्रासाठी लागणारी मात्रा, आपल्याला निसर्गातून रोज मिळते त्याच्या आसपासची असते. पण मला सर्वांत मोठा वाटतो तो बदल वेगळा आहे: चित्र मोठे झाले आणि दोघांना एकाच वेळी पाहता येऊ लागले.

दातांच्या बाबतीत याची गरज विशेष आहे, कारण दुखणे फार उशिरा येते. दाताच्या वरच्या कठीण कवचाला, इनॅमलला, नसा नाहीत. कीड त्या थरात असेपर्यंत माणसाला काही कळत नाही. दोन दाढांच्या फटीत ती लागली तर आरशात दिसत नाही आणि जिभेलाही लागत नाही. ठणका लागतो तो बहुधा आतल्या नसेपर्यंत पोचल्यावर, आणि मग लवंगेच्या तेलाने चार दिवस काढून माणूस दवाखान्यात येतो. तेव्हा सिमेंट भरून भागण्याची वेळ गेलेली असते. "दुखत नाही तर कशाला हात लावायचा?" हा प्रश्न अडाणीपणाचा नाही. ज्याला काही जाणवत नाही त्याने तो विचारलाच पाहिजे. त्याला व्याख्यान देऊन उत्तर मिळत नाही. दोन दाढांमधली काळी चंद्रकोर आणि तिच्यापासून नसेचे अंतर बोट ठेवून दाखवले की मिळते.

स्केलिंगचेच घ्या. दात साफ करून घेतले की ते हलू लागतात, ही समजूत घरोघर आहे. स्केलिंगनंतर फटी दिसू लागतात, गार पाणी काही दिवस झोंबते, म्हणून ती पक्की होत जाते. "असे काही होत नाही" हे डॉक्टरांचे वाक्य तिच्यापुढे टिकत नाही. पण एक्स-रेत हाडाची कड दिसते. निरोगी दातात ती दाताच्या मानेखाली जेमतेम 2 मिलिमीटरवर असते. समजा, खुर्चीतल्या माणसाची ती मुळाच्या निम्म्यापर्यंत उतरली आहे, आणि अजून तर त्याच्या दातांना हातही लागलेला नाही. हाड आधीच गेले होते, कीटणाच्या थराने फटी झाकल्या होत्या, आणि हाड जाण्याचे कारण तेच कीटण होते, हे त्याला साफसफाईच्या आधी पाहता आले तर पिढ्यान् पिढ्यांची भीती निवळू शकते. नंतर दाखवले तर ती सबब वाटते.

कॅमेऱ्याचे खरे मोल मात्र आपल्या महाराष्ट्रात तंबाखूपाशी आहे. गुटख्यावर राज्यात 2012 पासून बंदी आहे, तरी तो मिळतोच. तंबाखू-चुन्याची गोळी तर राजरोस आहे. बायका सकाळी मिश्री लावतात आणि त्याला व्यसन मानतच नाहीत. भारतीय पुरुषांत सर्वाधिक आढळणाऱ्या कर्करोगांत तोंडाचा कर्करोग आहे. त्याच्या आधी पुष्कळदा गालाच्या आत पांढरा चट्टा येतो, सुपारी खाणाऱ्याचे तोंड हळूहळू कमी उघडू लागते, आणि चट्टा तर बहुधा दुखतच नाही. अशा माणसाला भिंतीवरच्या भीषण तक्त्याने काही होत नाही, कारण तो गाल दुसऱ्याचा असतो. त्याच्या स्वतःच्या गालाचे चित्र, आणि सहा महिन्यांनी त्याच जागेचे, त्याच उजेडातले दुसरे चित्र शेजारी ठेवा. चट्टा वाढला, तसाच राहिला की तंबाखू सोडल्यावर निवळला, हे त्याला कुणी समजावून सांगावे लागणार नाही. चित्रावरून कर्करोग आहे की नाही हे ठरत नाही, त्यासाठी तुकडा काढून तपासावाच लागतो. पण तो तपासून घ्यायला माणूस तयार होणे हीच तर आपल्याकडची अडचण आहे.

इथपर्यंत सगळे भल्याचे. पण माणसाला उमजावे म्हणून मोठे केलेले चित्र त्याला घाबरवायलाही तितकेच उपयोगी पडते. चहाचा, पानाचा डाग बसलेली दाढेवरची खाच पडदाभर मोठी केली की विवरासारखी दिसते. तिच्यात कीड असेलच असे नाही. अगदी सुरुवातीची, कवचापुरती कीड फ्लोराइडने आणि नीट घासण्याने थोपवता येते. तिला लगेच ड्रिल लावण्याची गरज नसते. हे न सांगता नुसता फोटो समोर धरणे ही फसवणूकच आहे, मग तोंडून एकही खोटा शब्द निघाला नसला तरी. कर्ज काढून यंत्रे घेतलेल्या तरुण डॉक्टरवरचा हप्त्यांचा ताण मी जाणतो. तो ताण रुग्णाच्या दाढेतून फेडायचा नसतो.

एक्स-रेही वाटतो तितका सरळ साक्षीदार नाही. लांबी, रुंदी, खोली असलेली दाढ त्यात सपाट होते, एकावर एक थर चढतात. किडीचा खरा पसारा चित्रात दिसतो त्याहून बहुधा मोठा असतो. उलट दाताच्या मानेपाशी कधीकधी अशी काळी सावली पडते, की नसलेली कीड दिसावी. दाढेची बारीक चीर तर अनेकदा दिसतच नाही. रूट कॅनॉल उत्तम झाले तरी मुळाच्या टोकाचा काळा डाग लगेच जात नाही. तिथे हाड भरून यायला महिने लागतात, कधी वर्ष. हे आधी सांगितले नसेल तर पुढच्या वेळी तोच डाग पाहून रुग्णाचा विश्वास उडतो. म्हणून दाखवणाऱ्याने चित्रात काय दिसत नाही हेही बोलले पाहिजे, आणि किडक्या दाढेशेजारी त्याच माणसाची निरोगी दाढ दाखवली पाहिजे. तुलनेला काही नसेल तर सामान्य माणसाला प्रत्येकच सावली रोगाची वाटते.

शहरांतून आता हास्याची आखणीही पडद्यावर होते. रुग्णाच्या फोटोवर नवे, सरळ, पांढरे दात बसवून दाखवतात. त्याबद्दल एवढेच: ते चित्र घडलेल्या गोष्टीचे नाही, घडवू म्हणून दिलेल्या शब्दाचे आहे. त्यासाठी अनेकदा जे कवच खरवडावे लागते, ते पुन्हा उगवत नाही. हे फोटोत दिसत नाही, म्हणून तोंडाने सांगायला हवे.

समीरा कोहली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2008 मध्ये संमतीचा अर्थ स्पष्ट केला. उपचार कोणता, कशासाठी, पर्याय कोणते, धोके कोणते, आणि उपचार नाकारला तर काय होईल, हे कळल्यावर दिलेला होकार म्हणजे संमती; तपासणीला दिलेला होकार उपचाराला लागू होत नाही. दवाखान्यातला पडदा हे सारे सोपे करतो. अट एवढीच, की खुर्ची आधी सरळ करावी. तोंडातले कापूस आणि नळी काढावी. माणसाला चूळ भरू द्यावी, चष्मा लावू द्यावा, सोबत आलेल्या मुलीला किंवा नवऱ्याला आत बोलवावे आणि मग पडदा फिरवावा. आडव्या पडलेल्या, तोंड उघड्या माणसाला जे दाखवले जाते, त्यावर त्याला प्रश्न विचारता येत नाही. गर्दीच्या दवाखान्यात यासाठी वेळ कुठून आणायचा, असे डॉक्टर विचारतील. पुढे दोन सिटिंग झाल्यावर "हे मला सांगितलेच नव्हते" म्हणून जे वाद होतात, त्यांत जाणारा वेळही मोजावा.

आणि चित्र रुग्णाच्या हाती पडले पाहिजे. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने तयार केलेल्या रुग्णहक्कांच्या सनदेत स्वतःच्या नोंदी आणि अहवाल मिळण्याचा हक्क आहे, दुसऱ्या डॉक्टरचे मत घेण्याचाही आहे. दुसरे मत घ्यायला गेलेल्या माणसाला तिथे पुन्हा एक्स-रे काढावा लागत असेल तर तो हक्क कागदावरच राहिला. दंतवैद्यकासाठी संसदेने 2023 मध्ये राष्ट्रीय दंत आयोगाचा कायदा केला आहे. या नव्या व्यवस्थेने नियमच करावा: एक्स-रेचे पैसे घेतले की मूळ फाइल त्याच दिवशी, न मागता, वेगळा आकार न लावता द्यायची. पडद्याचा मोबाइलने काढलेला फोटो त्याऐवजी चालणार नाही, कारण ज्या बारीक छटांवरून निदान होते त्याच त्यात पुसल्या जातात. फाइलवर नाव, तारीख आणि दाताचा क्रमांक असावा; 36 म्हणजे खालची डावी पहिली मोठी दाढ, हे रुग्णाला एकदा सांगावे. उपचार संपल्यावरचे चित्रही सोबत द्यावे, म्हणजे उद्या दुसऱ्या गावात तीच दाढ ठणकली तर तिथल्या डॉक्टरला मुळात कुठवर भरले आहे ते पाहता येईल.